वाचणारी आणि पाहणारी

आमच्या सेक्शनमध्ये अकरा माणसं आहेत आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या निदान सात बाटल्या. आपली बाटली संपली की लोक शेजारच्या टेबलावरून मागून घेतात, पूर्वी टाचण्या नाहीतर कार्बन मागायचे तसं. एकमेकांची बाटली वापरू नये, असं मी दोन-तीनदा सांगून बघितलं. "मैडम, एक बूंद से क्या होता है," असं उत्तर मिळालं. तेव्हापासून मी माझी बाटली ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय की पडद्याकडे बघत बसलं की माणूस पापण्या लववायला विसरतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब कुठेतरी बघायचं. मी बघते. लांब म्हणजे समोरच्या इमारतीच्या भिंतीला टांगलेले एसीचे खोके. दिल्लीत नोव्हेंबर लागला की धुरात तेही दिसत नाहीत, आणि डोळे मात्र दुप्पट चुरचुरतात. पन्नाशी उलटल्यावर शरीराचं काहीतरी कुरकुरणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दुपारी तीननंतर अक्षरांना शेपट्या फुटायला लागल्या की मला हमखास खिडकीपाशी असलेलं एक टेबल आठवतं. आता तिथे पाण्याचं मशीन आहे.

मी सांगलीहून दिल्लीत नोकरीला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. केंद्र सरकारचं ऑफिस, आमच्या सेक्शनकडे बदल्यांचं काम. देशभरातल्या आमच्या माणसांना कुठे पाठवायचं याच्या याद्या आमच्याकडून निघायच्या. टाइप झालेला कोणताही कागद सहीला जाण्याआधी त्या खिडकीपाशी मिळवला जायचा. सगळे त्याला 'कम्पेअर करना' म्हणायचे. दोघांचं काम असायचं ते. एकाने मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवून पाहायचं. वाचणाऱ्याने कॉमासुद्धा वाचायचा, फुलस्टॉपसुद्धा. पाहणाऱ्याने प्रत्येक ओळीला 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही की वाचणारा थांबायचा. दोन पानं झाली की अदलाबदल, कारण वाचणाऱ्याचा घसा बसतो आणि पाहणाऱ्याचे डोळे जड होतात. शेवटी ऑफिस कॉपीच्या समासात दोन छोट्या सह्या. डावीकडे वाचणाऱ्याची, उजवीकडे पाहणाऱ्याची.

पुढे कधी चूक सापडली तर आधी उजवीकडची सही बघितली जायची. वाचणाऱ्याने तर वाचलं होतं. पाहणाऱ्याने पाहिलं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो माहीत नाही असा माणूस सेक्शनमध्ये नव्हता.

माझी जोडी ताईंशी लागली. त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. त्यांचे वडील सरकारी नोकरीत, जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची मराठी. घर आधी सरकारी क्वार्टरमध्ये, मग मयूर विहारच्या सोसायटीत. मराठी फर्डं बोलायच्या, पण मध्येच एखादा शब्द अडायचा. डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतंय म्हणाल्या की मी सांगायची, "ताई, त्याला चुरचुरणं म्हणतात."

"चुरचुरणं. अच्छा आहे शब्द. आवाज येतो त्याच्यात," म्हणून दिवसभर तो वापरायच्या. चहा चुरचुरतोय, पंखा चुरचुरतोय.

याद्या सगळ्या इंग्रजीत. त्या इंग्रजीच्या मध्येच ताई त्याच सुरात, त्याच ठेक्यात मराठी घालायच्या, म्हणजे लांबून ऐकणाऱ्याला वाटावं कामच चाललंय. "सब-पॅरा थ्री, कॉमा, आज डब्यात काय आणलंस, कॉमा, विथ इमीजिएट इफेक्ट, फुलस्टॉप." मी म्हणायची, "हं, मटकी, हं." अशी आम्ही वर्षानुवर्षं भाज्या, सासवा, मुलांचे मार्क आणि साड्या मिळवल्या. कोणाला पत्ता लागला नाही. एकदा फक्त लागला. नवीन साहेब आले होते, नावावरून काही कळलं नव्हतं, आणि ते आमच्या मागे कधी येऊन उभे राहिले तेही कळलं नाही. ताई वाचत होत्या, "डेप्युटी सेक्रेटरी, कॉमा, नव्या साहेबांची ढेरी बघितलीस का, फुलस्टॉप." मागून आवाज आला, "फुलस्टॉप नाही. क्वेश्चन मार्क."

साहेब नाशिकचे निघाले. ताईंचे कान लाल झाले होते. तीन वर्षं राहिले ते आमच्याकडे, आणि ती तीन वर्षं आम्ही भाज्या मिळवल्या नाहीत.

थंडीत जेवणाच्या सुट्टीत सगळं ऑफिस लॉनवर. संत्री, मूठभर शेंगदाणे, बायकांच्या मांडीवर विणकाम. ताई विणायच्या नाहीत. त्या उताण्या पडून घारी बघायच्या. "सकाळपासून हाताच्या अंतरावर बघतोय आपण," म्हणायच्या, "जरा लांबचं बघ, यार. डोळ्यांनाही कुठेतरी जाऊ दे." मीही बघायची. आज डॉक्टरीणबाई फी घेऊन हेच सांगतात. त्या वीस-बावीस वर्षांत डोळे दुखले असतील, पण दुखल्याचं मला आठवत नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा सुरुवातीला काही बिघडलं नाही. तो शहाणा टाइपरायटरच होता, कागद शेवटी बाहेर यायचाच आणि खिडकीपाशी मिळवला जायचा. बिघडलं ते फायलीच पडद्यावर गेल्या तेव्हा. आमच्याकडे फायलीतली टिपणं हिरव्या कागदावर लिहायची पद्धत होती. पडद्यावरही त्यांनी तो भाग हिरवाच ठेवला. कागदाचा हिरवा डोळ्यांना थंड वाटायचा. हा हिरवा आतून पेटलेला होता. आता ज्याचं त्याने आपापल्या पडद्यावर वाचायचं, आपापलं तपासायचं. समासातल्या दोन सह्या गेल्या. मिळवायचं टेबल पाण्याच्या मशीनसाठी उचललं गेलं.

वर्षभरात ताईंचे डोळे गेले. आंधळ्या झाल्या असं नाही. सकाळी ठीक असायच्या. अकरानंतर पाणी यायचं, जेवणानंतर कपाळ ठणकायचं, आणि तीननंतर एका ओळीच्या दोन दिसायच्या. हनुवटी वर करून, चष्म्याच्या खालच्या काचेतून बघत बसायच्या. मान इतकी आखडायची की बसमध्ये मागे वळून बघता यायचं नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या. थेंब मिळाले. घरी गुलाबपाणी झालं, काकडीच्या चकत्या झाल्या. शेजारणीने तूप सांगितलं, तेही झालं.

याच सुमारास साहेबांनी मीटिंग घेतली. हे साहेब वेगळे, कडक पण सरळ माणूस. म्हणाले, "देखिए, जिनसे स्क्रीन पर काम नहीं होता, कोई बात नहीं। रिकॉर्ड रूम में काग़ज़ का बहुत काम पड़ा है।"

रेकॉर्ड रूम म्हणजे तळघर. जुन्या फायली, एक ट्यूबलाइट, आणि ज्यांचं काय करायचं ते कळत नाही अशी माणसं.

मीटिंगमधून बाहेर आल्यावर ताई जिन्यात थांबल्या. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष दहा महिने उरले होते.

"मी त्या खुर्चीत बाविसाव्या वर्षी बसले," त्या म्हणाल्या. "उठणार ती साठाव्या वर्षी, त्याच खुर्चीतून. खाली जाऊन नाही. माझा कागद कधी परत आलाय? एक तरी?"

आला नव्हता. मला माहीत होतं.

"मग साहेबांना डोळ्यांचं कळता कामा नये," मी म्हटलं. "बाकीचं बघू."

बघितलं ते असं. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या पडद्यापाशी बसायची आणि त्यांची फाइल हळू आवाजात वाचून दाखवायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि टिपण तोंडाने सांगायच्या, मी टाइप करायची. नियम त्यांना पाठ. कोणत्या वर्षी कोणत्या माणसाची कोणत्या कारणाने बदली थांबली होती, तेही पाठ. डोक्याने त्या अजून सेक्शनमध्ये सगळ्यांच्या पुढे होत्या. बदल्यात माझ्याकडचे लांब तक्ते त्या माझ्याबरोबर जुन्या पद्धतीने मिळवायच्या. मंजूर झालेली यादी त्या कागदावर आपल्या हाताने, मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायच्या, तेवढं त्यांना सकाळच्या वेळी जमायचं. मग त्या वाचायच्या, मी पडद्यावर पाहायची आणि 'हं' म्हणायची.

सेक्शनमध्ये कोणाला संशय आला नाही. "मराठी मैडमें फिर गप मारने बैठ गईं," एवढंच. खरं सांगायचं तर ते आठ महिने चांगले गेले. टेबल गेलं होतं, पण त्याच्याभोवतीचं सगळं परत आलं होतं. त्यांचा तो वाचायचा सूर, मध्येच भाजी, मध्येच सुनेची तक्रार.

फरक एवढाच की दोन माणसांचा पडदा मी एकटी बघत होते. मी सत्तेचाळीस वर्षांची होते, चष्मा नवीन होता, आणि आपल्याला काही होत नाही अशी माझी समजूत होती. संध्याकाळी मेट्रोत बसल्यावर स्टेशनांची नावं धुरकट दिसायची. मी डोळे मिटून स्टेशनं मोजायची आणि बरोबर उतरायची.

त्या वर्षीची सर्वसाधारण बदल्यांची यादी बत्तीस जणांची होती. एका गुरुवारी दुपारी साहेबांनी शेवटच्या क्षणी त्यातलं एक नाव काढायला सांगितलं. पंधराव्या नंबरचा माणूस, त्याला आहे तिथेच ठेवायचं ठरलं. आमच्या ऑपरेटरने नाव काढलं. नावांच्या रकान्यातली खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली. गावांचा रकाना मात्र जागचा हलला नाही. म्हणजे सोळाव्याच्या नावासमोर पंधराव्याचं गाव, सतराव्यासमोर सोळाव्याचं, असं शेवटपर्यंत. तळाला एक गाव जास्तीचं उरलं. ते चुकून राहिलं असेल असं समजून त्याने नीटनेटकेपणाने पुसून टाकलं. तक्ता सुबक दिसायला लागला.

साडेतीनला ताई आणि मी मिळवायला बसलो. ताईंनी आपल्या कागदावर पंधरावं नाव लगेच खोडून ठेवलं होतं. त्यांच्या हातात कागद होता, पण त्या बघत नव्हत्या. यादी त्यांनीच केली होती, त्यांना ती तोंडपाठ होती. त्या डोळे मिटून, संथ, एकेक नाव आणि एकेक गाव म्हणत होत्या. बिनचूक.

मी पडद्याकडे बघत होते. पहिली दहा नावं बघितली. मग डोळ्यांत सुया टोचल्यासारखं झालं, म्हणून एक क्षण मिटले. ताईंचा आवाज चालू होता. यादी मलाही आठवड्याभरात अर्धीअधिक पाठ झाली होती. त्या म्हणत होत्या ते माझ्या डोक्यातल्या यादीशी तंतोतंत जुळत होतं. मी म्हटलं, हं. पुढचं, हं. मिटलेल्या डोळ्यांना इतकं बरं वाटत होतं की ते मी उघडलेच नाहीत. एकतीसपर्यंत हं.

"झालं," ताई म्हणाल्या. "काही?"

"काही नाही. बरोबर आहे," मी म्हटलं, आणि आदेश गेला.

सोमवारी सकाळी पहिला फोन आला. लखनौच्या ऑफिसातली एक बाई होती. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं, म्हणून तिने पुणं मागितलं होतं आणि साहेबांनी ते दिलंही होतं. आदेशात शिलाँग होतं. ती रडत नव्हती. "मैडम, आपने फ़ोन पर ख़ुद कहा था पुणे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी यादी उघडली. पंधराव्या ओळीपासून खाली एकही गाव बरोबर नव्हतं. तासाभरात आणखी सहा फोन आले. एका माणसाने तर सामानाचा ट्रक ठरवला होता.

साहेबांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. आरडाओरडा करणारे नव्हते ते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ते जुने होते, त्यांना पद्धत माहीत होती.

"कम्पेअर करते वक़्त देख कौन रहा था?"

पडद्यावर समास नसतो. सह्या नव्हत्या. उत्तर फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडायला किती वेळ लागतो? मेमो माझ्या नावाने निघाला असता. माझी बढती त्याच महिन्यात व्हायची होती, ती अडकली असती. दोन-तीन वर्षं गेली असती, पण जग बुडालं नसतं. हा सगळा हिशेब मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत केला आणि तो करण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात ताई बोलल्या.

"मैं देख रही थी, सर."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "आप? और आपको नहीं दिखा?"

"नहीं दिखा, सर. दोपहर के बाद मुझे नहीं दिखता. साल भर से."

तिथे अर्धं मिनिट शांतता होती, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला बोलता आलं असतं. नाही बोलले. साहेब म्हणाले, "आपको बताना चाहिए था," आणि तेही रागाने नाही.

बाहेर आल्यावर मी ताईंचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला.

"असं का केलंत?"

"तुझी बढती आहे."

"पण खुर्ची..."

"आठ महिने तू माझी फाइल वाचलीस. तुझे डोळे कशाने मिटले, मला काय कळत नाही?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तू बोलशील असं वाटलं होतं. मी थोडी थांबले होते."

ही गोष्ट त्यांनी एकदाच बोलून दाखवली. मला पुरली.

त्या दिवशी शुद्धिपत्र काढायचं होतं. ताई म्हणाल्या, "प्रिंट काढ, मोठ्या अक्षरात." खाली कॅन्टीनमधलं रिकामं टेबल धरून आम्ही ते कागदावर मिळवलं, दोनदा, एकदा त्या वाचणाऱ्या आणि एकदा मी. ओळीखाली फूटपट्टी धरून. ट्रक ठरवलेल्या माणसाला मी स्वतः फोन केला. लखनौच्या बाईंना ताईंनी.

आठवड्याने ताई तळघरात गेल्या. साहेबांनी फाइलवर रीतसर टिपण लिहिलं: यांच्या दृष्टिदोषामुळे तक्त्यातली चूक पाहण्यातून सुटली, सबब यांना अभिलेख कक्षात काम देण्यात यावं. ताईंनी खुर्चीवरची उशी, स्टीलचा पेला आणि देवीचं छोटं चित्र पिशवीत भरलं आणि गेल्या. मला बढती मिळाली.

मी त्यांना बाहेरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. अपराधीपणाने माणसं पेढे आणतात, त्यापेक्षा हे बरं. बाईंनी वीस मिनिटं तपासलं आणि विचारलं, "स्क्रीन किती लांब असते? हा चष्मा लांबचं आणि वाचायचं बघायला आहे. मधलं अंतर याच्यात नाहीच. म्हणून तुम्ही मान वर करता." हातभर अंतरासाठी वेगळा चष्मा, पडदा खिडकीसमोरून हलवायचा, पापण्या लववायच्या. बस. डोळ्यांत बिघाड असा काही नव्हता.

ताई तिथेच हसायला लागल्या. "म्हणजे मी आंधळी नव्हते? साहेबांना सांगू का, सर, मैं ग़लत चश्मे में थी?"

मी खरंच जाऊन सांगितलं साहेबांना, चष्म्याचं. चष्म्याचंच फक्त. ते म्हणाले, अच्छा है, पण ताईंच्या जागी माणूस बसला होता आणि वर्ष उरलेलं. आता कशाला हलवायचं.

शेवटचं वर्ष ताईंनी तळघरात काढलं. मी आठवड्यातून दोनदा प्रिंट घेऊन खाली जायची. त्या ट्यूबलाइटखाली आम्ही मोठे तक्ते मिळवायचो, लोखंडी कपाटांच्या मधल्या बोळात, स्टुलांवर बसून. त्या वर्षी आमच्या सेक्शनचं एकही शुद्धिपत्र निघालं नाही. वर कोणी विचारलं नाही की असं कसं. साठ पूर्ण झाल्यावर ताई निवृत्त झाल्या. हार वरच्या हॉलमध्ये घातला, समोसे होते, साहेबांनी चांगलं भाषण केलं. पण खुर्चीतून उठून हॉलमध्ये येणं आणि जिने चढून येणं यात फरक असतो, आणि तो मी त्यांच्या श्वासात ऐकला.

त्यानंतर साहेब बदलून गेले. बदल्यांचं काम आता माझ्या हाताखाली येतं. आमच्याकडे दर वर्षी नवी यादी करताना मागची फाइल उघडावी लागते, आणि ती वाचत मागे गेलं की ते टिपण येतं. हिरव्यावर काळं. 'पाहण्यातून सुटली.' पुढे सेक्शनला येणारा प्रत्येक माणूस ते वाचणार. कागदाची फाइल निदान उधईने खाल्ली असती. पडद्यावरचं टिपण एकदा वर गेलं की ते खोडताही येत नाही, बदलताही येत नाही. त्याच्याखाली नवीन फक्त लिहिता येतं.

सात वर्षं मी ते वाचून पुढे गेले. गेल्या वर्षी, यादीच्याच दिवसांत, खाली तीन ओळी लिहिल्या. त्या तक्त्याच्या मिळवणीत पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. मागील टिपणात दुरुस्ती म्हणून नोंद घेण्यात यावी. आताच्या साहेबांनी त्याच्याखाली नेहमीसारखं 'अनुमोदित' लिहून फाइल परत पाठवली. त्यांनी ते वाचलं असेल असं मला वाटत नाही.

त्या रविवारी मयूर विहारला गेले. ताई बाल्कनीत मेथी निवडत होत्या. निवडायला कोणताच चष्मा लागत नाही म्हणाल्या, हाताला कळतं. मी त्यांना सांगितलं. मेथीच्या काड्या एका बाजूला करून त्यांनी हात पुसले.

"कितव्या पॅराला लिहिलंस?"

"छत्तीसच्या खाली. सदतीस."

"काय लिहिलंस, वाच."

मी मोबाइलवर उतरवून आणलं होतं. वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं.

"पाहण्याचं काम तुझ्याकडे होतं, हे ठीक आहे," ताई म्हणाल्या. "पण तू पाहत नव्हतीस. ते कुठे आहे याच्यात?"

ते नव्हतं. त्यांनी मेथी पुन्हा पुढे ओढली आणि अर्धी जुडी माझ्यासमोर टाकली.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी फाइल उघडली आणि अडतिसावा पॅरा लिहिला.